कुंभकोणमचे डॉक्टर घराणे आणि संशोधनाचा हिशेब

एखाद्या वैद्यकीय संशोधकाची मोठ्या पदावर नियुक्ती झाली किंवा त्याला एखादा मानाचा पुरस्कार मिळाला, की परिचयात तीन आकडे हमखास येतात. त्याने किती शोधनिबंध प्रसिद्ध केले, इतर संशोधकांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला आणि त्याचा एच-निर्देशांक किती, हे ते तीन आकडे होत. डॉ. सौम्या स्वामिनाथन यांची २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाच्या प्रधान सल्लागार म्हणून नेमणूक केली. त्यांच्या अधिकृत परिचयातही साडेतीनशेहून अधिक शोधनिबंध व ग्रंथांतील प्रकरणे, असा उल्लेख आढळतो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी एम.बी.बी.एस. केले, त्यामुळे महाराष्ट्रालाही त्यांचे नाव परके नाही.

त्यांच्या घराण्याचा संबंध मात्र तामिळनाडूतील कुंभकोणमशी आहे. हरितक्रांतीचे शिल्पकार डॉ. एम. एस. स्वामिनाथन हे त्यांचे वडील. त्यांचा जन्म ७ ऑगस्ट १९२५ रोजी याच गावी झाला आणि त्यांचे वडील डॉ. एम. के. सांबशिवन हे तेथे शल्यचिकित्सक होते. आजोबा आणि नात अशा या दोन डॉक्टरांचे काम शेजारी शेजारी ठेवले असता, वैद्यकीय संशोधनाचे मोल आकड्यांत मोजण्याच्या सध्याच्या पद्धतीत काय मोजले जाते आणि काय निसटते, हे बऱ्यापैकी स्पष्ट होते. हा प्रश्न केवळ नामवंतांच्या परिचयपत्रांपुरता मर्यादित नाही. देशभरातील वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांच्या बढत्या याच आकड्यांशी जोडलेल्या आहेत.

डासांचे गाव

कुंभकोणम हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील देवळांचे आणि तलावांचे गाव. तंजावरच्या मराठा राज्याचा हा मुलूख. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये येथेच जन्मले. दर बारा वर्षांनी महामहमच्या पर्वणीला ज्या तळ्यावर लाखो भाविक स्नानासाठी लोटतात ते तळेही येथलेच. पाण्याची ही समृद्धी गावाला दुसऱ्या एका कारणानेही परिचित होती. साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स जातीचा डास हत्तीरोगाचा प्रसार करतो आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुंभकोणम हा हत्तीरोगाचा बालेकिल्ला होता.

सुजून खांबासारखे झालेले पाय घेऊन येणाऱ्या रुग्णांना त्या काळी देण्याजोगे परिणामकारक औषध नव्हते. हत्तीरोगाच्या जंतांवर चालणारे डायइथिलकार्बामाझिन हे औषध अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूच्या कामातून पुढे आले ते १९४७ मध्ये. डॉ. सांबशिवन यांच्यापुढे त्यामुळे एकच मार्ग होता, तो म्हणजे डासांची पैदास थांबविणे. गांधीजींच्या विचारांनी प्रभावित झालेल्या या डॉक्टरांनी नागरिकांना हाताशी धरून डासांची पैदास होणाऱ्या जागा नष्ट करण्याची मोहीम गावात चालविली. डास रोग पसरवतो हे शास्त्र पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्येच सांगितले होते. त्या ज्ञानाचे एका गावाच्या सवयीत रूपांतर करणे, हे कुंभकोणमचे काम होते. स्वामिनाथन अकरा वर्षांचे असताना डॉ. सांबशिवन यांचे निधन झाले. पुढे आयुष्यभर स्वामिनाथन या मोहिमेचा उल्लेख करीत राहिले.

आज या कामाचे मूल्यमापन करावयाचे झाल्यास संदर्भसंख्येच्या कोष्टकात डॉ. सांबशिवन यांच्या नावासमोर काहीही लिहिता येणार नाही. यावर हळहळ व्यक्त करून थांबणे सोपे आहे. पण या प्रकरणाला दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य ठरणार नाही. ही मोहीम जगाला माहीत आहे ती मुलाच्या आठवणींतून. मोहिमेपूर्वी गावातील किती जणांच्या रक्तात जंतू होते, नंतर किती जणांच्या राहिले, किती विहिरी व गटारे हाताळली गेली आणि खर्च किती आला, हे आठवणींत येत नाही. शेजारच्या गावातील डॉक्टरला तसेच काम उभे करावयाचे असेल, तर त्याला प्रेरणा मिळेल, पण कृती मिळणार नाही. शोधनिबंधाचे खरे काम हे आहे. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला, तेव्हा अशा गावपातळीवरील नोंदी हाती असत्या तर त्यांचा उपयोग झालाच असता.

निर्देशांक म्हणजे काय

शोधनिबंध मोजण्याची कल्पना तशी जुनी नाही. अमेरिकेतील युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये वैज्ञानिक संदर्भांची सूची तयार करण्याची योजना मांडली. तिचा मूळ उद्देश एखाद्या निबंधावर पुढे कोणी काय लिहिले हे संशोधकाला शोधता यावे, हा होता. ग्रंथालयाचे हे साधन पुढे माणसांची पारख करण्यासाठी वापरले जाऊ लागले. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचविला. एखाद्या संशोधकाच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा संदर्भ दिला गेला असेल, तर त्याचा निर्देशांक वीस. हिशेब सुटसुटीत असल्यामुळे तो झपाट्याने रुळला.

या हिशेबातील एक गंमत कुंभकोणमच्याच उदाहरणाने सांगता येते. श्रीनिवास रामानुजन यांचे शालेय व सुरुवातीचे महाविद्यालयीन शिक्षण या गावी झाले. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संकलित साहित्यात ३७ निबंध आहेत. निर्देशांक निबंधांच्या संख्येपेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून या ३७ निबंधांवर रामानुजन यांचा निर्देशांक जगाच्या अंतापर्यंत ३७ च्या पुढे जाणार नाही. आजच्या एखाद्या मध्यम दर्जाच्या हृदयरोगतज्ज्ञाचा निर्देशांक त्याहून अधिक असतो.

वैद्यकशास्त्रात हा आकडा आणखी फसवा होतो. हृदयरोग किंवा कर्करोग यांवर जगभर हजारो संशोधक काम करतात, साहजिकच तेथे एकमेकांचे संदर्भ भरपूर येतात. हत्तीरोग, सर्पदंश, विंचूदंश हे गरीब देशांतील गरीब माणसांचे आजार. त्यांवर लिहिणारे मूठभर, म्हणून संदर्भ देणारेही मूठभर. निबंधाचा संदर्भ दुसरा निबंध लिहिणारा देतो. औषध लिहून देणारा डॉक्टर किंवा बरा झालेला रुग्ण देत नाही, ही साधी गोष्ट या चर्चेत अनेकदा विसरली जाते.

साडेतीनशेच्या आत काय आहे

डॉ. सौम्या स्वामिनाथन यांच्या प्रकाशनांची यादी या दृष्टीने उलगडून पाहण्यासारखी आहे. त्या बालरोगतज्ज्ञ. दिल्लीच्या एम्समधून एम.डी. केल्यावर त्यांनी अमेरिका व ब्रिटनमध्ये प्रशिक्षण घेतले आणि १९९२ मध्ये त्या चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रात रुजू झाल्या. हेच केंद्र पुढे राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. २०१५ ते २०१७ या काळात त्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक होत्या. त्यानंतर त्या जागतिक आरोग्य संघटनेत गेल्या आणि २०१९ ते २०२२ या काळात तेथे मुख्य शास्त्रज्ञ होत्या.

त्यांच्या यादीत किमान तीन प्रकारची कामे एकत्र आलेली आहेत. पहिला प्रकार चेन्नईतील औषधचाचण्यांचा. दुसरा, महासंचालकपदाच्या काळातील मोठ्या सामूहिक अभ्यासांचा. भारतातील राज्यनिहाय आजारांच्या ओझ्याविषयी २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला अहवाल हे त्याचे उदाहरण. अशा अहवालांची लेखकयादीच पाने व्यापते. तिसरा प्रकार जिनिव्हातील. करोनाच्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेने ३० देशांतील ४०५ रुग्णालयांत ११ हजारांहून अधिक रुग्णांवर 'सॉलिडॅरिटी' चाचणी घेतली. रेमडेसिव्हिर, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, लोपिनाविर आणि इंटरफेरॉन या चारही औषधांचा रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना फारसा किंवा काहीच लाभ होत नाही, असा तिचा अंतरिम निष्कर्ष होता. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधील त्या निबंधाच्या लेखकांत डॉ. स्वामिनाथन यांचे नाव आहे. साथीच्या काळात जगभरातून करोनावर लिहिणाऱ्यांची संख्या एवढी वाढली, की अशा निबंधांच्या संदर्भांचे आकडे फुगणे अटळ होते. निष्कर्ष महत्त्वाचा होताच. तरीही संदर्भांचा तो पूर काही प्रमाणात साथीचाच पूर होता.

संशोधक म्हणून त्यांची खरी कसोटी पहिल्या प्रकारच्या कामात दिसते. भारताच्या क्षयरोग कार्यक्रमात १९९० च्या दशकापासून रुग्णांना आठवड्यातून तीन दिवस, आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली औषधे दिली जात. रोज केंद्रावर येणे रुग्णाला परवडत नाही, हा त्यामागचा व्यवहारी विचार. परंतु एचआयव्हीची लागण झालेल्या क्षयरुग्णांना हे तीन दिवसांचे औषध पुरेसे आहे काय, हा प्रश्न होता. चेन्नईच्या चमूने सहा महिने की नऊ महिने, अशी तुलना करणारी चाचणी घेतली. तिचा निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर पहिले नाव डॉ. स्वामिनाथन यांचे होते. मुदत वाढविल्याने रोग उलटण्याचे प्रमाण कमी झाले. मात्र ज्यांचे उपचार फसले त्यांच्यात रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला दाद न देणारे जंतू तयार होत होते.

त्यातून पुढची चाचणी उभी राहिली आणि तिच्यात रोज औषध व आठवड्यातून तीनदा औषध यांची थेट तुलना झाली. रोज औषध घेणाऱ्यांत ९१ टक्के, तर तीनदा घेणाऱ्यांत ७७ टक्के रुग्णांना गुण आला. शंभरांत चौदा माणसांचा हा फरक आहे. हा निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

दरम्यान, देशातील धोरण त्याआधीच बदलले होते. जागतिक आरोग्य संघटनेने रोजच्या औषधाला पसंती दिली होती. देशातील तज्ज्ञांचा आग्रह वाढत होता. सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि जानेवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने नऊ महिन्यांत रोजची औषधयोजना लागू करण्याची तयारी दाखविली. त्यानुसार ती त्याच वर्षी देशभर लागू झाली. संशोधनाचा परिणाम रुग्णापर्यंत पोहोचण्याची वाट ही अशी असते. ती समित्यांतून, न्यायालयातून आणि औषधखरेदीच्या निविदांतून जाते. संदर्भांच्या यादीत यांपैकी कशाचीही नोंद होत नाही.

लेखक कोण

याच चेन्नईतील संस्थेचा एक जुना निबंध येथे आठवणे आवश्यक आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राने ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने, वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली, क्षयरुग्णांना आरोग्यधामात ठेवून आणि घरीच ठेवून दिलेल्या उपचारांची तुलना केली. चांगले अन्न, विश्रांती आणि मोकळी हवा यांवाचून क्षय बरा होत नाही, असे तोवर मानले जाई. मिरज आणि पाचगणी येथील आरोग्यधामे त्याच विचारातून उभी राहिली होती. मद्रासच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत, निकृष्ट आहारावर राहणारे रुग्णही नियमित औषधांनी जवळपास तितकेच बरे होतात आणि घरातील इतरांना त्यामुळे जादा धोका संभवत नाही, हे १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. जगभरातील आरोग्यधामे हळूहळू बंद होण्यामागे हा अभ्यास होता.

त्या निबंधावर लेखक म्हणून नाव आहे ते केंद्राचे. घरोघर जाऊन गोळ्या मोजणाऱ्या परिचारिकांपासून संख्याशास्त्रज्ञांपर्यंत सर्वांचे काम त्या एका नावाखाली आले. भारतीय भूमीवर झालेल्या सर्वांत प्रभावी वैद्यकीय संशोधनांपैकी हे एक. त्याने कोणाही एका व्यक्तीचा एच-निर्देशांक एकानेही वाढविला नाही.

महाडचा विंचू

मोठ्या संस्थेबाहेर राहून काम करणाऱ्याचे काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. कोकणातील लाल विंचवाच्या शास्त्रीय नावात 'तामुलस' हा शब्द येतो, तामिळ देशाची आठवण करून देणारा. या विंचवाच्या दंशाने हृदयावर आघात होऊन फुप्फुसात पाणी भरते आणि विशेषतः लहान मुले दगावतात. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ च्या सुमारास रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांची बारकाईने नोंद ठेवण्यास सुरुवात केली. घाम येणे, हातपाय गार पडणे, उलट्या होणे ही पुढच्या संकटाची पूर्वसूचना कशी ठरते, याविषयीचा त्यांचा निबंध १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या स्वस्त गोळीचा विंचूदंशात होणारा उपयोग सांगणारे त्यांचे लेखन १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आले. ते अवघे दोन पानांचे होते. पूर्वी हृदयाला इजा झालेल्या रुग्णांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण अगदी थोड्या टक्क्यांवर आले.

पुढे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी महाडमध्येच ७० रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली. केवळ प्राझोसिन घेतलेल्या ३५ जणांपैकी ८ जण दहा तासांत बरे झाले, तर प्रतिविषाची जोड दिलेल्या ३५ पैकी ३२ जण. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०११ मध्ये हा निबंध प्रसिद्ध केला. लेखक दोनच, पतिपत्नी. २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

कुंभकोणम आणि महाड यांत फरक आहे तो येथे. दोन्ही ठिकाणी डॉक्टर तळमळीचे, आजार गरिबांचा, साधने तुटपुंजी. महाडच्या डॉक्टरने वही ठेवली आणि ती जगापुढे मांडली, म्हणून विंचूदंशाचा उपचार महाडबाहेर गेला. संदर्भांची संख्या करोनाच्या एखाद्या निबंधाशी तुलना करण्याजोगी नसेलही. ज्यांना त्या ज्ञानाची गरज होती त्यांच्यापर्यंत ते पोहोचले.

बढतीसाठी निबंध

अशा नोंदी ठेवण्याची सवय वैद्यकीय महाविद्यालयांत रुजावी, या हेतूने भारतीय वैद्यक परिषदेने अध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांची अट घातली. हेतूबद्दल वाद नव्हता. देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांच्या २००५ ते २०१४ या काळातील कामाची पाहणी करणारा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ३३२ संस्थांमधून त्या दहा वर्षांत एकही शोधनिबंध प्रसिद्ध झाला नव्हता आणि वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या २५ होत्या. जेथे रुग्णांची रीघ लागते तेथूनच ज्ञान बाहेर येत नाही, असे हे चित्र.

उपाय मात्र कारकुनी निघाला. २०१५ च्या आदेशानुसार केवळ पहिल्या दोन लेखकांनाच निबंधाचे श्रेय मिळणार होते आणि रुग्णवृत्ते व संपादकांना पाठविलेली पत्रे धरली जाणार नव्हती. या फूटपट्टीने मोजले असता काय होते, हे पाहण्यासारखे आहे. १९५९ चा मद्रासचा निबंध कोणाच्याच खात्यावर जमा होणार नाही. २०१८ च्या चाचणीच्या निबंधात डॉ. स्वामिनाथन यांचे नाव ज्येष्ठ संशोधकाच्या प्रथेप्रमाणे यादीच्या शेवटी आहे. त्यामुळे बढतीच्या अर्जात तोही बाद. ग्रामीण डॉक्टर नवे लक्षण प्रथम ज्या स्वरूपात कळवू शकतो, ते छोटे टिपण किंवा एका रुग्णाचे वृत्त, हेदेखील बाद. याउलट पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या एखाद्या मासिकाने मान्य सूचीत कशीबशी जागा मिळविली असेल, तर त्यातील निबंध ग्राह्य.

परिणाम अपेक्षितच होता. पैसे भरा आणि छापा, अशा नियतकालिकांचे पेव फुटले आणि त्यांच्या गिऱ्हाइकांत भारतीय अध्यापक मोठ्या संख्येने आढळू लागले. देशातील वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी या नियमांवर टीका केली. त्यानंतर २०२० मध्ये व राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आल्यावर २०२२ मध्ये अटी काहीशा सैल करण्यात आल्या. लेखकांच्या क्रमाबाबतची ताठर भूमिका सोडण्यात आली आणि ग्राह्य सूचींची यादी बदलली. निबंध मोजण्याचे तत्त्व मात्र तेच राहिले. निबंध वाचून त्यावर मत देणारी माणसे नेमण्यापेक्षा निबंध मोजणे स्वस्त पडते आणि मोजणाऱ्या अधिकाऱ्यावर पक्षपाताचा आरोपही येत नाही, हे त्यामागचे खरे कारण असावे.

जगात इतरत्र यावर विचार सुरू आहे. नियतकालिकाच्या प्रभावांकावरून संशोधकाची किंमत करू नये, असे आवाहन करणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ मधील बैठकीतून पुढे आला. काही देशांत उमेदवाराला संपूर्ण यादीऐवजी स्वतःची निवडक पाचच कामे देण्यास आणि प्रत्येकाने प्रत्यक्षात काय बदलले ते लिहिण्यास सांगितले जाते. डॉ. बावस्कर यांना पाच कामे निवडणे जड जाणार नाही. डॉ. स्वामिनाथन यांच्या साडेतीनशेतूनही कदाचित चेन्नईतील चाचण्याच आधी निवडल्या जातील.

जिल्हा रुग्णालयात रोज दोनशे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला तेवढ्याने काही साध्य होणार नाही. त्याला नोंदी ठेवण्यासाठी एक मदतनीस लागतो. आकडेमोड तपासून देणारा संख्याशास्त्रज्ञ लागतो. नैतिकता समितीची मंजुरी वर्षभर न रखडता मिळावी लागते आणि निबंध छापण्याचे शुल्क त्याच्या पगारातून जाता कामा नये. यांपैकी मदतनीस व संख्याशास्त्रज्ञ या गोष्टी चेन्नईच्या संस्थेत होत्या. कुंभकोणमच्या किंवा महाडच्या सरकारी रुग्णालयात त्या कोणी पुरवायच्या, याचे उत्तर बढतीच्या नियमावलीत आढळत नाही.